ब्लेड, टेप आणि लॉग टेबल

सीरिजचा एपिसोड संपला की आपला अंगठा आपोआप ‘नेक्स्ट’वर जातो. खालून वर सरकणारी ती बारीक अक्षरातली नावं कोण वाचत बसणार? कॅमेरा कुणाचा, एडिटिंग कुणाचं, साउंड कुणाचा, आपल्याला काही घेणंदेणं नसतं. पण ज्यांचं ते काम असतं, त्यांच्यासाठी ती एक ओळ म्हणजे अख्ख्या करिअरची पावती असते.

डेलिया डर्बीशायर नावाच्या एका साउंड आर्टिस्टला ही पावती मिळायला ५० वर्षं लागली. मिळाली तेव्हा ती जाऊन १२ वर्षं झाली होती. आणि काम तरी असं-तसं होतं का? ‘डॉक्टर हू’ ही बीबीसीची सायन्स फिक्शन मालिका तुम्ही पाहिली असेल किंवा निदान तिच्यावरचे मीम्स तरी पाहिले असतील. निळ्या पोलीस बॉक्समधून काळाच्या आरपार फिरणारा तो डॉक्टर. त्या मालिकेची सुरुवातीची धून, पोटात गोळा आणणारा तो घुमणारा बेस आणि त्यावरून तरंगत येणारी ती भुताटकी शीळ, हे सगळं डेलियाने घडवलं. तेही १९६३ मध्ये. कॉम्प्युटर नाही, सॉफ्टवेअर नाही, दुकानात मिळणारा सिंथेसायझरसुद्धा नाही. हातात काय? ब्लेड, टेप आणि लॉग टेबलचं पुस्तक.

भोंगे ऐकत वाढलेली मुलगी

डेलियाचा जन्म ५ मे १९३७ चा, इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री शहरातला. कॉव्हेंट्री म्हणजे कारखान्यांचं गाव. वडील पत्र्याचं काम करणारे कामगार. ती तीन वर्षांची असताना, १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांनी या शहरावर बॉम्बचा वर्षाव केला. एका रात्रीत पाचशेहून जास्त माणसं गेली, जुनं कॅथेड्रल जळून गेलं. त्यानंतर डेलियाला प्रेस्टनला हलवण्यात आलं. तिच्या आईवडिलांची मुळं तिथलीच.

या काळातली एक गोष्ट तिच्या कानात कायमची राहिली. हवाई हल्ल्याचा भोंगा आणि धोका टळल्यावर वाजणारा दुसरा भोंगा. सूर खालून वर चढत जातो, वरून खाली घसरतो, कुठल्याही पट्टीत नेमका बसत नाही. यंत्रातून निघालेला आवाज अंगावर काटा आणू शकतो, हे तिला फार लवकर कळलं होतं. आपल्या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या आवडीचं मूळ ती पुढे या भोंग्यांमध्येच शोधायची.

घरात पियानो आला, रेडिओ तर होताच. शाळेत गणितात ती अफाट हुशार निघाली. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज, दोन्हीकडून तिला प्रवेश मिळाला. कामगाराच्या घरातल्या मुलीसाठी १९५० च्या दशकात ही किती मोठी गोष्ट असेल, कल्पना करा. तिने केंब्रिजचं गर्टन कॉलेज निवडलं, गणिताची स्कॉलरशिप घेऊन. तेव्हा केंब्रिजमध्ये दहा विद्यार्थ्यांत जेमतेम एक मुलगी असायची. मुळात मुलींना पूर्ण डिग्री द्यायला या विद्यापीठाने सुरुवात केली तीच १९४८ मध्ये.

पहिल्या वर्षानंतर तिने गणितासोबत संगीत घेतलं. १९५९ मध्ये दोन्ही विषयांची डिग्री घेऊन ती बाहेर पडली. आता पुढे काय? हा प्रश्न तुमच्या-आमच्यासारखाच तिलाही पडला. कॉलेजच्या करिअर सल्लागाराकडे जाऊन तिने सांगितलं की मला आवाज, संगीत आणि ध्वनिशास्त्र यात रस आहे. सल्ला काय मिळाला? कानाची मशिनं बनवणाऱ्या कंपनीत जा, नाहीतर समुद्राची खोली मोजायच्या कामाला लाग.

दारावरची पाटी

तिला जायचं होतं रेकॉर्डिंग स्टुडिओत. त्याच वर्षी तिने डेक्का या बड्या रेकॉर्ड कंपनीकडे अर्ज केला. उत्तर सरळ होतं, आम्ही रेकॉर्डिंग स्टुडिओत बायकांना घेत नाही. मार्क कमी पडले, अनुभव नाही, असलं काही नाही. डिग्री केंब्रिजची, विषय गणित आणि संगीत. या कामासाठी याहून फिट कोण असणार? पण मुलगी आहे, एवढ्यावर विषय संपला.

मग सुरू झाली ती भटकंती, जी आजही कित्येक जण पासआउट झाल्यावर करतात. ती जिनिव्हाला गेली. तिथे मुलांना पियानो शिकवला, गणित शिकवलं, आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या ऑफिसात सहायक म्हणून काम केलं. परत येऊन कॉव्हेंट्रीत प्राथमिक शाळेत शिकवलं. मग लंडनला एका संगीत प्रकाशकाच्या प्रसिद्धी विभागात टेबलावर बसून काही महिने काढले. संगीताच्या आजूबाजूला सगळीकडे ती फिरली, फक्त स्टुडिओच्या आत शिरता येत नव्हतं.

नोव्हेंबर १९६० मध्ये बीबीसीत तिला शिकाऊ सहायक स्टुडिओ मॅनेजरची नोकरी मिळाली. बीबीसीत हे दार उघडं कसं? याचं कारण युद्धात आहे. पुरुष लढायला गेले तेव्हा रेडिओ चालू ठेवायला मुलींना कंट्रोल रूममध्ये घ्यावं लागलं. युद्ध संपलं तरी दार पूर्ण बंद झालं नाही. म्हणजे कुणाला अचानक समानतेचा साक्षात्कार झाला वगैरे काही नाही. गरज होती, त्यातून फट पडली आणि त्या फटीतून डेलियासारख्या मुली आत आल्या.

ती रेकॉर्ड परीक्षणाच्या एका कार्यक्रमावर काम करायची. तिथला तिचा एक किस्सा मस्त आहे. परीक्षकाला एलपी रेकॉर्डमधला नेमका तुकडा हवा असायचा, पण तो कुठे आहे हे त्याला सांगता यायचं नाही. अमुक वाद्य सुरू होतं तिथे, एवढंच त्याचं वर्णन. डेलिया तबकडी उजेडासमोर धरायची, खाचांकडे बघायची आणि सुई बरोबर त्या जागी ठेवायची. लोकांना वाटायचं हिला काहीतरी दिव्यदृष्टी आहे. यात चमत्कार काही नव्हता. आवाज मोठा झाला की खाचेचं रूप बदलतं आणि प्रकाश तिच्यावरून वेगळा परावर्तित होतो. आज आपण स्क्रीनवर वेव्हफॉर्म बघून कट मारतो ना, ती तेच तबकडीवर करत होती.

जिथे कुणी मागून जात नसे

बीबीसीच्या मेडा व्हेल स्टुडिओत एक विभाग होता, रेडिओफोनिक वर्कशॉप. १९५८ मध्ये डॅफ्ने ओरॅम आणि डेस्मंड ब्रिस्को यांच्या धडपडीतून तो उभा राहिला. काम काय? नेहमीच्या वाद्यांतून निघू शकत नाहीत असे आवाज रेडिओ नाटकांसाठी आणि कार्यक्रमांसाठी तयार करायचे. साहित्य म्हणाल तर इतर विभागांनी टाकून दिलेली टेप मशिन्स आणि चाचणीसाठी वापरायचे ऑसिलेटर. ओरॅम बाई तर वर्षभरातच बीबीसी सोडून स्वतःचा स्टुडिओ काढायला गेल्या, पण वर्कशॉप राहिलं.

लोकांना तिथे पाठवलं जायचं. स्वतःहून मागून जाणारं सहसा कुणी नव्हतं. डेलियाने मागून घेतलं. एप्रिल १९६२ मध्ये ती तिथे रुजू झाली आणि पुढची ११ वर्षं राहिली.

आता तिथलं काम कसं चालायचं ते बघू, कारण त्याशिवाय तिने काय केलं ते कळणारच नाही. आवाज चुंबकीय टेपवर रेकॉर्ड व्हायचा. टेप सेकंदाला १५ इंच, म्हणजे साधारण ३८ सेंटीमीटर या वेगाने पळायची. याचा अर्थ असा की वेळ इथे पट्टीने मोजता येतो. अर्ध्या सेकंदाचा सूर हवा? साडेसात इंच टेप कापा. पाव सेकंद? पावणेचार इंच. मेणाच्या पेन्सिलीने खूण करायची, ब्लेडने तिरका काप घ्यायचा, पुढचा तुकडा चिकटपट्टीने जोडायचा. एक सूर म्हणजे एक तुकडा. चूक झाली तर ‘अनडू’ नाही.

सूर वर-खाली कसा करायचा? टेपचा वेग बदलून. वेग दुप्पट केला की आवाज बरोबर वरच्या सप्तकात जातो. पण मधले सूर हवे असतील तर? पाश्चात्त्य पद्धतीत सप्तकाचे १२ समान टप्पे असतात, त्यामुळे प्रत्येक टप्प्याला वारंवारिता ठराविक पटीने वाढते. ही पट कॅल्क्युलेटरशिवाय काढायची तर लॉग टेबल उघडायचं. २ चा लॉग ०.३०१०. त्याला १२ ने भागलं की येतात ०.०२५१. एवढे मिळवत जायचं आणि अँटीलॉग घेत जायचं. ४४० हर्ट्झचा सूर असेल तर पुढचा येतो ४६६ च्या आसपास. बारावीच्या प्रॅक्टिकलनंतर आपण ज्या पुस्तकाला राम राम ठोकला, ते डेलियाच्या टेबलावर कायम असायचं. लोक पियानोजवळ बसून संगीत रचतात, ही बाई आकडेमोड करून रचायची.

एका कागदाचं संगीत

१९६३ मध्ये बीबीसी टीव्हीवर ‘डॉक्टर हू’ची तयारी चालू होती. तिथली टीमही त्या काळाच्या मानाने वेगळीच. निर्माती व्हेरिटी लॅम्बर्ट, अजून तिशीही न गाठलेली. पहिल्या कथेचा दिग्दर्शक वारिस हुसेन, जन्म लखनौचा. शीर्षक संगीतासाठी ऑस्ट्रेलियन संगीतकार रॉन ग्रेनर यांना बोलावलं गेलं. ग्रेनर यांनी जे लिहून दिलं ते जेमतेम एक कागदभर होतं. सुरावट, बेसची ओळ, आणि वाद्यांच्या नावांऐवजी वारा, ढग असल्या कल्पना. बाकी वर्कशॉपने बघून घ्यावं.

डेलियाने ते बघून घेतलं, सहायक डिक मिल्स यांना सोबत घेऊन. बेससाठी एकच तार छेडून रेकॉर्ड केली. तो एक टणत्कार वेगवेगळ्या वेगाने वाजवून त्यातून लागतील तेवढे सूर तयार केले, प्रत्येकाची टेप मोजून कापली आणि जोडत गेली. त्या घसरत्या सुरावटीसाठी ऑसिलेटर. त्याची चकती हाताने फिरवली की सूर भोंग्यासारखा चढत-उतरत जातो. आणि ते वाऱ्याचे, ढगांचे भास? ते गाळून घेतलेल्या खरखरीतून, म्हणजे ज्याला आपण व्हाइट नॉइज म्हणतो त्यातून.

तेव्हा मल्टिट्रॅक मशीन वर्कशॉपकडे नव्हतं. म्हणून बेसची एक टेप, सुरावटीची एक, बाकी आवाजांची एक, अशा टेप वेगवेगळ्या मशिनवर लावून एकाच क्षणी सुरू करायच्या आणि सगळं मिळून आणखी एका टेपवर उतरवायचं. एखादी टेप जराशी मागेपुढे झाली की पुन्हा पहिल्यापासून. दोन मिनिटांच्या आवाजाला साधारण ४५ मीटर टेप लागते, हे लक्षात घ्या. एकदा कुठेतरी एक सूर चुकत होता आणि सापडत नव्हता. शेवटी त्यांनी टेप मेडा व्हेलच्या लांबलचक कॉरिडॉरमध्ये शेजारी-शेजारी उलगडल्या आणि जोड कुठे जुळत नाही ते डोळ्यांनी शोधून काढलं.

आज हेच काम लॅपटॉपवर एडिट, मिक्स आणि मास्टरिंग अशा तीन टप्प्यांत होतं आणि बरेचदा तीन वेगळी माणसं ते करतात. इथे दोघंजण एका खोलीत ते हाताने करत होते.

तयार झालेली धून ग्रेनर यांनी ऐकली आणि ते चाटच पडले. हे खरंच मी लिहिलंय का, असं त्यांनी विचारलं. बरंचसं तुम्हीच, असं डेलियाने हसत सांगितलं. २३ नोव्हेंबर १९६३ ला मालिकेचा पहिला भाग दाखवला गेला. किरकोळ बदल वगळता ही धून १९८० पर्यंत वाजत राहिली.

नावाची जागा रिकामी

ग्रेनर हे सज्जन गृहस्थ होते. त्यांना वाटलं, या मुलीला सहसंगीतकाराचं क्रेडिट मिळायला हवं आणि रॉयल्टीतला अर्धा वाटाही. बीबीसीच्या नियमांत ते बसलं नाही. वर्कशॉपमधली माणसं पगारी कर्मचारी, त्यांचं वैयक्तिक नाव जाणार नाही. म्हणून पडद्यावर यायचं रॉन ग्रेनर यांचं नाव आणि सोबत बीबीसी रेडिओफोनिक वर्कशॉप. विभागाचं नाव. माणसाचं नाही.

यात कुणी खलनायक शोधायला गेलं तर सापडणार नाही. डेलियाला कुणी काम करण्यापासून अडवलं नाही. स्टुडिओ दिला, पगार दिला, अवघड कामं दिली. फक्त ती जे करत होती त्याला काय म्हणायचं, हे कुठल्याच फॉर्मवर नव्हतं. वर्कशॉपच्या कामाला सुरुवातीला संगीत म्हणायलाही कचरत असत. खास ध्वनी म्हणायचे. संगीत म्हटलं की संगीत विभाग आला, वादकांची युनियन आली. मग ते करणारी माणसं संगीतकार कशी म्हणवून घेणार? ती आपली स्टुडिओतली सहायक.

आपल्या एकांकिका स्पर्धा आठवा. बॅनरवर लेखक, दिग्दर्शक. टाळ्या नटांना. आणि जिच्या एका क्यूवर अख्खा सीन उभा राहतो ती मुलगी मागे अंधारात म्युझिक ऑपरेट करत बसलेली असते. तिचं पार्श्वसंगीत तयार केलेलं असो की नुसतं वाजवलेलं, तिला सगळे ऑपरेटरच म्हणतात. डेलियाचा प्रश्न हाच होता, फक्त फार मोठ्या पडद्यावर. एकाने कागदावर सुरावट लिहिली. दुसरीने त्यातला प्रत्येक सूर कसा ऐकू येईल हे ठरवलं. मग धून कुणाची? १९६३ मध्ये उत्तर एकच होतं, ज्याने लिहिली त्याची. आज आवाज घडवणं हेच संगीताचं अर्धं काम झालंय, त्यामुळे आपल्याला ते उत्तर खटकतं.

हिरवी लॅम्पशेड

‘डॉक्टर हू’च्या पलीकडे डेलियाने खूप काम केलं. जवळपास २०० रेडिओ-टीव्ही कार्यक्रमांसाठी तिने आवाज आणि संगीत तयार केलं. १९६४ मध्ये नाटककार बॅरी बर्मांज यांच्यासोबत तिने रेडिओसाठी एक मालिका केली. साध्यासुध्या माणसांना त्यांची स्वप्नं सांगायला लावायची. पळण्याची, पडण्याची, पाण्यात बुडण्याची. त्या बोलण्याचे तुकडे कापून, गुंफून, त्याखाली तिने इलेक्ट्रॉनिक सूर पसरवले. साठ वर्षांपूर्वीचं हे काम आज हेडफोन लावून ऐकलं तर एखादा प्रायोगिक पॉडकास्ट वाटेल.

तिचं सगळ्यात लाडकं वाद्य काय होतं माहितीये? पत्र्याची हिरवी लॅम्पशेड. वर्कशॉपमधली, अगदी साधी. तिच्यावर टिचकी मारली की घंटेसारखा छान नाद निघायचा. सहारा वाळवंटात निळे बुरखे घेऊन फिरणाऱ्या तुआरेग लोकांवर एक माहितीपट होता. त्यासाठी तिने या लॅम्पशेडचा नाद रेकॉर्ड केला आणि सुरुवातीचा टण्ण कापून टाकला. राहिली ती फक्त मागची घुमणारी आस. मग त्या नादात कुठकुठल्या वारंवारिता आहेत हे शोधून ऑसिलेटरवर तो पुन्हा रचला. उंटांच्या पावलांसाठी स्वतःच्याच आवाजाचे तुकडे वापरले. ‘ब्लू व्हेल्स अँड गोल्डन सँड्स’ नावाची ही रचना ऐकताना उन्हात थरथरणारं क्षितिज डोळ्यांसमोर येतं. लॅम्पशेड आठवतसुद्धा नाही.

इथे एक गोष्ट कळते. आवाजाची सुरुवात काढून टाकली की आपला कान तो आवाज ओळखू शकत नाही. आज कुठल्याही साउंड डिझाइनच्या कोर्सला हे शिकवतात. तिने ते ब्लेडने केलं.

बीबीसीत नाव मिळत नव्हतं म्हणून ती बाहेरही कामं करू लागली. १९६६ मध्ये सहकारी ब्रायन हॉजसन आणि पीटर झिनोव्हिएफ यांच्यासोबत तिने ‘युनिट डेल्टा प्लस’ नावाचा गट काढला. १९६७ च्या सुरुवातीला लंडनच्या राउंडहाउसमध्ये झालेल्या एका कार्यक्रमात या गटाचं संगीत वाजलं. त्याच कार्यक्रमासाठी बीटल्सनीही एक प्रायोगिक तुकडा तयार करून दिला होता. नंतर डेव्हिड व्होरहाउस यांच्यासोबत ‘व्हाइट नॉइज’ या नावाने ‘अॅन इलेक्ट्रिक स्टॉर्म’ हा अल्बम आला, १९६९ मध्ये. तेव्हा तो फारसा चालला नाही. आज इलेक्ट्रॉनिक संगीतवाले त्याचं नाव आदराने घेतात. काही कामं तर तिने टोपणनावाने केली, ली डे ला रूस. म्हणजे बघा, जिला स्वतःचं नाव हवं होतं, तिला बाहेरही दुसऱ्याच नावाने वावरावं लागलं.

बटण दाबा, आवाज काढा

१९७० च्या सुमारास वर्कशॉपमध्ये भलामोठा सिंथेसायझर आला. आता कापाकापी करायची गरज नाही, बटण दाबा, आवाज काढा. काम पटापट होऊ लागलं आणि मागणीही तशीच वाढली. आज सांगितलं, उद्या हवं. डेलियाची पद्धत याच्या अगदी उलट. ती रात्र-रात्र बसून एका आवाजामागे लागायची, मनासारखं होईपर्यंत द्यायची नाही. नव्या यंत्रांशी तिचं सूत जुळलं नाही. १९७२ मध्ये ‘डॉक्टर हू’ची धून या सिंथेसायझरवर नव्याने करून पाहिली गेली. ती कुणालाच आवडली नाही आणि जुनीच परत आली. ब्लेडने जोडलेली टेप जिंकली! पण एवढ्याने काळ थोडाच थांबतो.

१९७३ मध्ये तिने बीबीसी सोडली. हॉजसन यांच्या स्टुडिओत थोडं काम केलं, एका भयपटाचं संगीत केलं आणि १९७५ च्या आसपास ती संगीतातून बाहेरच पडली. वय किती? ३८.

पुढे तिने काय केलं हे वाचून चक्रावायला होतं. गॅसची पाइपलाइन टाकणाऱ्या कामावर रेडिओ ऑपरेटर. उत्तर इंग्लंडमधल्या कंब्रियात ली युआन-चिया या चिनी कलावंताच्या कलादालनात सहायक. पुस्तकाच्या दुकानात काम. लग्न झालं, पण टिकलं नाही. दारूचा त्रास वाढत गेला. नंतर नॉर्दॅम्प्टनला जोडीदारासोबत शांत आयुष्य. आणि या सगळ्या वर्षांत तिची धून टीव्हीवर वाजतच होती, नव्या पिढीतली मुलं तिच्यावर वाढत होती.

ही गोष्ट दुःखी वळणावर सोडून देणं सोपं आहे. पण शेवटच्या काही वर्षांत थोडा उजेड आला. १९९० च्या दशकात टेक्नो आणि इलेक्ट्रॉनिक संगीत करणारी तरुण पोरं तिला शोधत आली. त्यांना वर्कशॉपचं जुनं काम पाठ होतं. पीटर केंबर या संगीतकारासोबत ती पुन्हा काम करायला लागली होती. हात पुन्हा वळायला लागले होते, आणि ३ जुलै २००१ ला मूत्रपिंड निकामी होऊन तिचं निधन झालं. वय ६४.

माळ्यावरची खोकी

ती गेल्यावर तिच्या घराच्या माळ्यावर खोकी सापडली. नाश्त्याच्या सीरिअलची साधी पुठ्ठ्याची खोकी, आणि आत टेप. एकूण २६७. सोबत ढीगभर कागद, आकडेमोड, आलेख. २००७ मध्ये हा सगळा ठेवा मँचेस्टर विद्यापीठाकडे गेला. तिथे टेप एकेक करून डिजिटल केल्या गेल्या. त्यात साठच्या दशकाच्या शेवटी तिने केलेला एक छोटा ठेक्याचा तुकडा निघाला. तो ऐकून लोकांना वाटलं हा तर नव्वदच्या दशकातल्या डान्स क्लबमधला ट्रॅक आहे. मधली वीस-पंचवीस वर्षं ती पुढेच चालत होती, कुणाला पत्ता नव्हता.

२३ नोव्हेंबर २०१३ ला ‘डॉक्टर हू’ला ५० वर्षं झाली. त्या दिवशीच्या विशेष भागाच्या शेवटी पहिल्यांदा पडद्यावर तिचं नाव आलं. २०१७ मध्ये कॉव्हेंट्री विद्यापीठाने मरणोत्तर मानद डॉक्टरेट दिली. त्याच शहरात आता तिच्या नावाचा रस्ता आहे, आणि मँचेस्टरमध्ये तिच्या नावाचा ‘डेलिया डर्बीशायर डे’ साजरा होतो, जिथे मुलामुलींना आवाज घडवायला शिकवतात.

सत्कार छान आहेत, पण ज्या वयात त्यांचा उपयोग झाला असता त्या वयात ते मिळाले नाहीत. क्रेडिट म्हणजे नुसता मान नसतो. पुढचं काम त्याच्यावर मिळतं, पैसे त्याच्यावर मिळतात, मधे थांबलात तर परत यायची वाट त्याच्यावरून सापडते. डेलियाकडे ३८ व्या वर्षी दाखवायला जगप्रसिद्ध धून होती आणि त्या धुनेवर तिचं नाव नव्हतं.

आपल्यातले कितीतरी जण आज साउंड शिकतायत. कुणी पॉडकास्ट एडिट करतं, कुणी मित्राच्या शॉर्ट फिल्मचं डबिंग साफ करतं, कुणी बँडचं गाणं रात्री तीनपर्यंत बसून मास्टर करून देतं, बदल्यात एक वडापाव आणि थँक्यू. यापुढे वडापावसोबत एक ओळही मागून घ्या. आणि फेस्टिवलला फिल्म पाठवताना क्रेडिट्सची फाइल तुमच्या हातात असेल, तर ‘साउंड’ या शब्दापुढची जागा रिकामी ठेवू नका. तिथे टीमचं नाव नको, विभागाचं नको. माणसाचं लिहा.